हुकूम आणि हुंकार

आमच्या घाटंजीच्या घरी रात्रीच्या गोष्टीला एक अट असे. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा. दिवा मालवलेला, आम्ही चार नातवंडं गोधडीत, आणि आजीच्या दर वाक्यामागे कुणीतरी ‘हूं’ म्हणायचंच. हुंकार थांबला की गोष्ट थांबे. ‘हूं म्हनत जा रे बाप्पा,’ आजी म्हणायची, ‘मले कसं समजन, तू आयकून राह्यला का झोपला?’

पुढे आयुष्याची बरीच वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली. संगणकाने मोजमापाच्या उपकरणाला दुरून हुकूम कसा द्यायचा, हे आधी शिकलो, मग शिकवलं. त्या सगळ्या काळात आजीचा हा प्रश्न मला वारंवार भेटत राहिला. हुकूम सोडणं सोपं असतं. अंधारात समोरचा ऐकतोय का, हे कळणं अवघड. या विषयाच्या इतिहासात हुकमापेक्षा हुंकारावर माणसांची जास्त बुद्धी खर्च झाली, असं माझं ठाम मत आहे.

घाटंजी हे वाघाडी नदीकाठचं कापसाचं गाव. लहानपणी बाजारात ग्रेडर कापूस पाहायचा ते मी डोळे फाडून बघत असे. तो गाडीतून मूठभर कापूस काढायचा, सरकीवरून रुई सोडवायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यात नि तर्जनीत धरून ती ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. चारपाच वेळा असं केलं की तंतूंची सरळ, चपटी पट्टी तयार व्हायची. तिच्याकडे एक नजर टाकून तो लांबी सांगायचा. शेतकऱ्याचं वर्षाचं गणित त्या दोन बोटांवर. माणूस, माल आणि माप, तिन्ही एका जागी.

आता हमीभावाच्या यादीत लांब धाग्याच्या कापसापुढे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर असे आकडे छापलेले असतात. मायक्रोनेअर बोटांना कळत नाही. ठरलेल्या वजनाची रुई डबीत दाबून भरायची, तिच्यातून हवा सोडायची आणि हवा किती सहज जाते ते मोजायचं, अशी ती रीत आहे. आजची कापूसतपासणीची यंत्रं हे काम संगणकाच्या ताब्यात राहून करतात. माणसाचा हात मापापासून असा दूर कसा गेला, त्याची गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यातले दोनतीन महत्त्वाचे प्रसंग आपल्या महाराष्ट्रात घडलेले आहेत.

पहिला प्रसंग सिडनीत सुरू होऊन कल्याणला येतो. सिडनीजवळ पॉट्स हिल नावाच्या जागी, पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या काठाने, विल्बर ख्रिस्टियनसन या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या ओळीने मांडल्या होत्या. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजायच्या होत्या. सूर्य सरकतो, म्हणजे तबकड्याही सरकायला हव्यात, आणि त्या फिरवायला मोटार नव्हती. माणसं ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात आणि एकेक तबकडी हाताने पुढच्या खुणेवर नेत. शेवटची झाली की पुन्हा पहिलीपासून. दिवसभर हेच. हुकूम देणारं डोकं आणि हुकूम पाळणारे हात एकाच देहाचे होते, म्हणून हुंकाराची गरज नव्हती. तबकडी फिरली की नाही, ते फिरवणाऱ्याला ठाऊकच.

गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण भारतीय तिथे १९५३ ते १९५५ या काळात काम करत होता. जन्म १९२९ चा, मुरादाबाद जिल्ह्यातल्या ठाकुरद्वाऱ्याचा. हा संच मोडीत निघणार हे कळल्यावर तो भारताला द्यावा, अशी खटपट त्याने केली. तबकड्या भारतात आल्या. मधल्या काळात स्वरूप अमेरिकेला गेले आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९६५ मध्ये त्याच ३२ तबकड्या कल्याणला उभ्या राहिल्या. २४ पूर्व-पश्चिम ओळीत, ८ दक्षिणोत्तर. लोकलच्या धडधडीपासून थोड्याच अंतरावर भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी ही एक सूर्य मोजत होती. कल्याणच्या किती लोकांना हे आज माहीत आहे? निदान शाळेच्या पुस्तकात तरी ही गोष्ट असायला हवी होती.

नेमक्या त्याच १९६५ साली, कॅलिफोर्नियात ह्यूलेट-पॅकार्ड या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत एक वेगळाच विचार सुरू झाला होता.

त्या काळची प्रयोगशाळा डोळ्यांपुढे आणा. टेबलावर एक व्होल्टमीटर, एक वारंवारता मोजणारा काउंटर, एक सिग्नल जनरेटर. माणूस जनरेटरची खुंटी फिरवतो, मीटरकडे पाहतो, आकडा वहीत लिहितो. पुन्हा खुंटी. शंभर नोंदींना अर्धा दिवस. हे काम संगणकावर सोपवावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण प्रत्येक उपकरणाच्या पाठीमागचं सॉकेट निराळं, तारांची संख्या निराळी, तारेवरच्या खुणांचा अर्थ निराळा. दोन उपकरणं जोडायची तर मध्ये एक खास पेटी बांधून घ्यावी लागे. तिसरं आणलं की आणखी एक पेटी.

ह्यूलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी सगळ्यांसाठी मिळून एकच रस्ता आखला. कंपनीच्या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १९७२ च्या अंकात गेराल्ड नेल्सन आणि डेव्हिड रिची यांनी त्याची मांडणी केली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे आय-ट्रिपल-ई ने, ते मानक म्हणून स्वीकारलं. क्रमांक ४८८. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत त्याला जीपीआयबी म्हणतात. पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘जाडी केबल’ म्हटलं तरी कळतं, कारण ती असतेच मनगटाला जड. टोकाला २४ पिनांचं कनेक्टर, आणि त्याच्या पाठीवर दुसरं कनेक्टर बसतं, त्याच्यावर तिसरं, जेवणाच्या डब्याच्या पुडांसारखं.

एका रस्त्यावर जास्तीत जास्त १५ उपकरणं आणि सगळ्या केबलची मिळून लांबी २० मीटर. १६ कामाच्या तारा. त्यांतल्या ८ वरून अक्षरं जातात, ५ शिस्त राखतात. कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं हे नियंत्रक ठरवतो. एका वेळी बोलणारा एकच, ऐकणारे कितीही. ग्रामसभेसारखंच, फक्त इथे नियम मोडता येत नाही.

उरलेल्या ३ तारा हुंकाराच्या. माझा जीव या तीन तारांत अडकलेला आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली तार बोलणाऱ्याची. ती म्हणते, ‘अक्षर ठेवलंय, घ्या.’ दुसऱ्या दोन ऐकणाऱ्यांच्या, आणि त्यांची नावं मुद्दाम नकारार्थी आहेत. एक म्हणते, ‘अजून तयार नाही.’ दुसरी म्हणते, ‘अजून घेतलं नाही.’ ऐकणारी सगळी उपकरणं या दोन तारांना एकत्र जोडलेली असतात. त्यांतल्या एकानेही तार खाली ओढून धरली तरी ती खालीच राहते. सगळ्यांनी सोडली तरच वर येते. म्हणजे ‘तयार नाही’ ही तार मोकळी झाली याचा अर्थ एकूण एक ऐकणारा तयार आहे. मग बोलणारा अक्षर ठेवतो आणि ‘घ्या’ म्हणतो. वेगवान उपकरण ते लगेच उचलतं आणि ‘घेतलं नाही’ या तारेवरचा हात काढतं. मंद उपकरण वेळ लावतं. शेवटच्याने हात काढेपर्यंत बोलणारा ते अक्षर तसंच धरून उभा. तोवर पुढचं अक्षर नाही.

आळंदीहून निघालेल्या दिंडीत काठी टेकत येणारी एखादी म्हातारी असते, आणि अख्खी दिंडी तिच्या पावलाने चालते. कुणी तिला मागे टाकून जात नाही. या तीन तारांत तोच धर्म यंत्राला शिकवलेला आहे.

मौन म्हणजे संमती, असं आपण म्हणतो. इथे उलट आहे. गप्प बसलेल्याचा अर्थ ‘नाही’ असाच धरायचा. आणि समोर कुणी नसेलच तर? तर दोन्ही नकाराच्या तारा एकाच वेळी मोकळ्या दिसतात. जिवंत ऐकणारा असताना असं कधी होत नाही, म्हणून नियंत्रकाला कळतं की पलीकडे कुणी नाही. आजीचा प्रश्न, ‘आयकून राह्यला का झोपला’, त्याचं उत्तर या मंडळींनी तीन तारांत बसवलं.

पण ते उत्तर अर्धंच होतं, हे मला माझ्या अंगावर आल्यावर कळलं.

१९९० च्या दशकातली गोष्ट. एका प्रयोगशाळेत मी एका पातळ थराच्या नमुन्याचे गुण मोजत होतो. संगणकाने वीजपुरवठ्याला सांगायचं, ‘एवढं व्होल्टेज दे’, मग मीटरला सांगायचं, ‘प्रवाह वाच’. पायरीपायरीने वर जायचं, मग खाली उतरायचं. रात्रभर प्रोग्राम चालू ठेवून घरी गेलो. सकाळी आलेख काढला तर चढतीची रेषा आणि उतरतीची रेषा जुळत नव्हत्या. मध्ये पानासारखी जागा सुटलेली. माझं काळीज उडालं. नमुन्यात काहीतरी स्मृती आहे, तो मागची अवस्था लक्षात ठेवतोय, असं समजून मी दोन दिवस हवेत होतो. चहाच्या टपरीवर मित्राला सांगितलं, तर त्याने एकच विचारलं : ‘पुरवठ्याचं व्होल्टेज चढून स्थिर झाल्यावर वाचतोस ना?’

मी वाचत नव्हतो. पुरवठ्याने माझा हुकूम अक्षरन् अक्षर घेतला होता, तिन्ही तारांनी तशी ग्वाही दिली होती, आणि त्या ग्वाहीवर विसंबून मी लगेच मीटर वाचत होतो. पुरवठा बिचारा अजून वाटेत असायचा. प्रत्येक आकड्यात मागच्या पायरीचा अंश मिसळलेला. स्मृती नमुन्यात नव्हती, माझ्या घाईत होती. ऐकलं म्हणजे केलं असं नाही. घरात मुलाला ‘नळ बंद कर’ म्हणावं, त्याने ‘हो’ म्हणावं आणि नळ वाहतच राहावा, तसं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय तेव्हाही मानकात होता. मी वाचला नव्हता, एवढंच. १९८७ मध्ये ४८८ ला जोडून दुसरं मानक आलं. पहिल्या मानकाने अक्षरं कशी न्यायची ते सांगितलं होतं, अक्षरांचा अर्थ काय हे ज्याच्या त्याच्यावर सोडलं होतं. नव्याने काही हुकूम सगळ्यांना सक्तीचे केले. ते तारांकनाने सुरू होतात. ‘तारांकन आयडीएन प्रश्नचिन्ह’ पाठवलं की उपकरण आपली ओळख सांगतं : कुणी बनवलं, कोणतं मॉडेल, अनुक्रमांक काय, आतल्या प्रोग्रामची आवृत्ती कोणती. चार उत्तरं, मध्ये स्वल्पविराम. ‘तारांकन आरएसटी’ म्हणजे पाटी कोरी कर. आणि ‘तारांकन ओपीसी प्रश्नचिन्ह’ म्हणजे ‘हातातलं काम संपलं का?’ याचं उत्तर उपकरण लगेच देत नाही. काम संपेपर्यंत गप्प राहतं आणि संपलं की एकच आकडा पाठवतं : १. कानाचा हुंकार आणि हाताचा हुंकार यांतला फरक त्या एका आकड्यात आहे. पुरवठ्याला हा प्रश्न विचारून, १ आल्यावर आणि वर थोडा अवधी सोडून मी तोच नमुना पुन्हा मोजला. दोन्ही रेषा एकीवर एक बसल्या. शोध गेला, पण आकडे खरे आले.

तरीही भाषा एक झाली नव्हती. ह्यूलेट-पॅकार्डचा त्या काळचा एक लोकप्रिय मीटर ‘एफ१’ म्हटलं की एकदिश व्होल्टेज मोजायचा, ‘एफ३’ म्हटलं की रोध. दुसऱ्या कंपनीच्या मीटरला याच खुणांचा अर्थ भलता. मीटर बदलला की प्रोग्राम नव्याने लिहा, अशी वेळ यायची. १९९० मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी एक सामाईक बोली ठरवली. तिचं नाव एससीपीआय, उच्चार बहुतेक जण ‘स्किपी’ असा करतात.

या बोलीची रचना पत्रावरच्या पत्त्यासारखी आहे. जिल्हा, तालुका, गाव. ‘मेझर’, मग विसर्गासारखे दोन ठिपके, ‘व्होल्टेज’, पुन्हा दोन ठिपके, ‘डीसी’, शेवटी प्रश्नचिन्ह. मोठ्याकडून लहानाकडे उतरत जायचं. प्रश्नचिन्ह असेल तर विचारणं, नसेल तर सांगणं. मीटर कुणीही बनवलेला असो, व्होल्टेज विचारायचं वाक्य तेच. न समजणारं काही पाठवलं तर उपकरण ते एका रांगेत नोंदवून ठेवतं, आणि ‘चूक काय झाली?’ असं विचारलं की उणे ११३ असा क्रमांक सांगून ‘हा शब्द मला ठाऊक नाही’ अशा अर्थाचं वाक्य परत करतं. चूक नसेल तर शून्य, आणि सोबत ‘चूक नाही’ हेही शब्दांत. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आलो, दर दहा हुकमांनंतर ही रांग तपासा. नकार ऐकून घ्यायची सवय लागल्याशिवाय मोजमाप येत नाही.

हे सगळं झालं २० मीटरच्या आतलं. टेबलावरचं. आता परत गोविंद स्वरूपांकडे येऊ, कारण त्यांनी हेच काम कित्येक किलोमीटरवर नेलं.

कल्याणनंतर त्यांनी उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभारली, १९७० मध्ये. त्यानंतरचं स्वप्न जुन्नर तालुक्यात उतरलं. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मधल्या चौरस किलोमीटरभर जागेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर विखुरलेल्या. एका टोकाच्या तबकडीपासून दुसऱ्या टोकाच्या तबकडीपर्यंत सुमारे २५ किलोमीटर. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, पोलादी तारेच्या जाळीचा. तार अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जाड, ०.५५. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. बाजेची सुतळी ताणून विणावी तशी ही जाळी दोरखंडांवर ताणलेली आहे. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली.

पॉट्स हिलला ३२ तबकड्यांमागून माणसं फिरली. खोडदच्या ३० तबकड्यांमागून कोण फिरणार? ऊस-द्राक्षांच्या मळ्यांतून, ओढे ओलांडून, २५ किलोमीटरवर? तबकडी तरी कशी, साठेक पावलं रुंदीची. म्हणून मधल्या इमारतीतल्या नियंत्रण कक्षातून प्रत्येक तबकडीपर्यंत जमिनीखालून काचतंतूची केबल गेली. प्रत्येक तबकडीच्या पायथ्याशी एक संगणक बसला. कक्षातून आलेला हुकूम तो घेतो आणि वाटून देतो : मोटारी फिरवणाऱ्या सर्व्होला त्याचा, आकाशातला संकेत घेणाऱ्या फीडच्या पेट्यांना त्यांचा. एका तबकडीच्या डोक्यावर वेगवेगळ्या लहरींसाठीचे फीड एका फिरत्या चौकटीवर बसवलेले असतात, कोणता पुढे आणायचा हाही एक हुकूमच.

निरीक्षणाला बसणारा शास्त्रज्ञ आधी हुकमांची यादी लिहून देत असे. ‘जीटीएस’ आणि पुढे ताऱ्याचं किंवा दीर्घिकेचं नाव, म्हणजे त्याचा पत्ता काढ. मग तो पत्ता तबकड्यांकडे धाड. मग ‘स्टार्ट एनडास’, नोंद सुरू. ‘स्टॉप एनडास’, नोंद बंद. ओळी रुक्ष दिसतात. पण त्यातली एक ओळ गेली की मळ्यामळ्यांतून ३० पांढऱ्या तबकड्या एकाच वेळी, आवाज न करता, आकाशाच्या एकाच बिंदूकडे वळतात. बांधावर उभं राहून हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता. बैलजोडी थांबवून एक शेतकरीही पाहत होता. त्याच्या रोजच्या सवयीचं असूनही.

आणि इथेही खरा भाग परतीचा. प्रत्येक तबकडी आपला कोन परत सांगत राहते : कुठे वळायला सांगितलं होतं, प्रत्यक्षात कुठे आहे. दोन आकड्यांतला फरक पडद्यावर दिसतो. वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर गेला की काम थांबवून सगळ्या तबकड्यांची तोंडं आकाशाकडे सरळ वर करून ठेवतात. रात्री दोन वाजता वळिवाचं वादळ उठलं तर कक्षातल्या ऑपरेटरची नजर तीस नावांच्या त्या यादीवरून फिरत असते. एकोणतीस तबकड्यांनी ‘वर आले’ म्हटलं आणि एक गप्प आहे, तर तिच्याकडे जीप काढावी लागते. न आलेल्या हुंकाराची किंमत तिथे फार मोठी.

अडचण अशी, की हुकूम ऐकणारा प्रत्येक छोटा संगणक स्वतः रेडिओलहरींचा गोंगाट करतो. विश्वातून येणारा संकेत इतका क्षीण, की शेजारच्या इलेक्ट्रॉनिक पेटीची कुजबुज त्याला गिळून टाकेल. म्हणून त्या पेट्यांना धातूच्या कवचात बंद करावं लागतं. काचतंतूतून प्रकाश जातो, तो बाहेर सांडत नाही, हाही फायदा. खोडदला भेट देणाऱ्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, त्यामागचं कारण हेच. पुढे दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा नियंत्रणाची यंत्रणाही नव्याने बांधली गेली. २०२० मध्ये आय-ट्रिपल-ई ने, म्हणजे ज्या संस्थेने त्या तीन तारांना मानक केलं तिनेच, जीएमआरटीला अभियांत्रिकीतला मैलाचा दगड म्हणून गौरवलं. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात वारले.

एका रात्रीबद्दल लिहायलाच हवं. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं शियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, आणि त्याचा क्षीण संकेत पृथ्वीवर थेट ऐकायला खोडदच्या तबकड्या मंगळाकडे वळवल्या होत्या. मंगळ तेव्हा इतका लांब होता, की तिथून निघालेली लहर इथे पोचायला जवळपास १० मिनिटं लागत. उतरण्याचा सगळा खेळ सहा मिनिटांचा. म्हणजे हुकूम देऊन उपयोग नव्हता, तो पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार. सगळे हुकूम आधीच लिहून यानाच्या पोटात ठेवले होते. माणसांच्या वाट्याला फक्त हुंकार ऐकणं उरलं होतं.

हुंकार येत राहिला. यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं. मग, ठरलेल्या वेळेच्या सुमारे ५० सेकंद आधी, खोडदच्या पडद्यावरची ती बारीक रेषा पुसली गेली. नंतरच्या चौकशीत कारण कळलं. पॅराशूट उघडताना यान हेलकावलं, फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण त्याच्या मर्यादेला जाऊन साधारण सेकंदभर तिथेच अडकलं, आणि त्या एका चुकीच्या मापावरून यानाच्या संगणकाने हिशेब मांडला की आपण जमिनीच्याही खाली पोचलो आहोत. मग त्याने आज्ञाधारकपणे पुढचे हुकूम पाळले. पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं तीन सेकंद चालवून बंद केली. जमीन अजून सुमारे ३.७ किलोमीटर खाली होती. माझ्या त्या रात्रभराच्या प्रयोगात आणि यात फरक फक्त आकाराचा आहे, असं मला वाटतं. माप अजून वाटेत असताना त्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकलं गेलं.

आता शेवटचं ठिकाण. पवई.

२००९ मध्ये केंद्र सरकारने माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण पोचवण्याची मोठी योजना काढली. तिच्या आधाराने आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने एक छोटंसं उपकरण बनवलं. एकाच पाटीवर मावणारं. पाच सेंटिमीटर लांब, दोन रुंद अशी धातूची पट्टी, तिच्याजवळ नायक्रोमची कुंडली, एक तापमानाचा सेन्सर आणि संगणकात असतो तसला साधा पंखा. कुंडली तापली की पट्टी तापते, पंखा फिरला की निवते. तापमान हवं तिथे कसं टिकवायचं, हे नियंत्रणशास्त्रातलं पहिलं कोडं त्यावर सोडवता येतं. हे उपकरण त्यांनी इंटरनेटला जोडलं. लहान गावातल्या मुलाने घरी बसून, फुकट मिळणारं सायलॅब हे सॉफ्टवेअर वापरून, वेळ राखून ठेवायची आणि पवईतल्या खऱ्या पट्टीवर प्रयोग करायचा. चित्रातलं उपकरण नव्हे, खरं तापणारं. सायलॅबचे धडे त्यांच्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतही मिळतात.

त्याचे हुकूम इतके थोडे आहेत की पोस्टकार्डावर मावावेत. २५४ हा आकडा पाठवला की पुढचा आकडा हीटरचा. २५३ पाठवला की पुढचा पंख्याचा. आणि २५५ म्हणजे विचारणं : तापमान सांग. उत्तरादाखल दोन आकडे येतात, पहिला पूर्णांक, दुसरा दशांश. बस. पत्त्याचे दोन ठिपके नाहीत, तारांकन नाही. गरीब भाषा आहे, पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही तिच्यात आहेत.

दहा-बारा वर्षांपूर्वी दिवाळीत घाटंजीला गेलो होतो तेव्हा शेजारच्या घरातला बी.एस्सी.चा मुलगा माझ्याकडे आला. त्याला प्रकल्प हवा होता. त्याच्या नावाने पवईच्या उपकरणावर तासाभराची वेळ मिळवली. ओसरीवर लॅपटॉप ठेवला, जुनं डोंगल लावलं, त्याचा लाल दिवा मिचमिचत होता. अंगणात नुकत्याच वेचलेल्या कापसाचा ढीग, त्यावर दोन पोरं लोळत होती.

‘काका, हे खरंच मुंबईले चालू हाय?’ त्याने विचारलं.

‘विचार ना त्यालाच.’

त्याने २५५ पाठवलं. दोनतीन सेकंद काहीच नाही. मग ३१ आणि ४. एकतीस दशांश चार. पवईतल्या त्या खोलीची दुपार आमच्या ओसरीवर आली. त्याने २५४ पाठवून हीटर लावला आणि अधीर होऊन लगेच पुन्हा विचारलं. ३१ आणि ४. त्याचा चेहरा पडला. ‘आयकलंच नाही त्यानं.’

‘ऐकलंय. तापायला वेळ दे.’

तो हात मांडीवर ठेवून थांबला. मी घड्याळ पाहत होतो. अर्ध्या मिनिटाने त्याने परत २५५ पाठवलं. ३२ आणि १. मग ३३ आणि ५. मग ३४ आणि ६. आकडा आला की तो वहीत लिहायचा, आणि लिहिताना, त्याच्याही नकळत, हलकेच ‘हूं’ म्हणायचा.